सूर्याला विचार!

मी आयुष्यात एकदाच उपोषण केलं, आणि त्यात माझं वजन दोन किलोंनी वाढलं.

हे मी अभिमानाने सांगत नाहीये. पण लपवण्यातही अर्थ नाही, कारण उपोषणाला बसताना घातलेला झब्बा उठताना बगलेत टर्रकन उसवला, आणि तो आवाज शांती नगरच्या निम्म्या सेक्टरांनी ऐकला. झब्बा का उसवला हे सांगायचं तर उपोषण का केलं हे सांगावं लागेल. उपोषण का केलं हे सांगायचं तर सायकल ट्रॅकपर्यंत जावं लागेल. आणि सायकल ट्रॅकपर्यंत जायचं तर वाटेत माझी आई भेटेल. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू. तिला मागे ठेवून पुढे गेलेलं तिला कधीच चालायचं नाही.

मीरा रोडच्या शांती नगरमध्ये आमचं मॅचिंग सेंटर आहे. साडीवर जाणारं ब्लाउजचं कापड, फॉल, अस्तर, परकर. लोक चंद्रावर यानं पाठवतात. आम्ही मोरपंखी आणि शेवाळी यांच्यातला फरक सांगतो. (दुसरं काम जास्त जोखमीचं. चंद्र परत येऊन भांडत नाही.) दुकान आईने काढलं. गिरगावातली खोली सोडून आम्ही इथे आलो तेव्हा इथे इमारती होत्या, पण इमारतींच्या मध्ये काहीच नव्हतं. नुसती हवा. आईने सुरुवातीचे काही महिने रडण्यात घालवले, मग रडण्याचा कंटाळा आला म्हणून तळमजल्यावरचा गाळा घेतला आणि दुकान मांडलं.

आईचा ट्यूबलाइटवर काडीचाही विश्वास नव्हता. "ट्यूब खोटं बोलते," असं ती गिऱ्हाइकांसमोरच म्हणायची. बाई साडी घेऊन आली की आई फळीवरून कापडाचा तागा ओढायची, तो खांद्यावर टाकायची, दुसऱ्या हाताने बाईचं मनगट धरायची आणि तिला थेट दुकानाबाहेर न्यायची. आमच्या इमारतीची सावली दारापुढे पडते, पण दोन पावलं पुढे गेलं की रस्त्याच्या कडेला उन्हाचा एक लांबच लांब पट्टा लागतो. त्या पट्ट्यात उभं करून आई म्हणायची, "मला नको विचारूस बाई. सूर्याला विचार!"

मग तिथे जे चालायचं ते काय सांगू तुम्हाला! एक बाई साडी धरून उभी, आई तागा धरून उभी, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून मत देऊन जायची. "अहो नाही, थोडा गडद हवा." "मागच्यापेक्षा हा बरा." "पण बाई, ही साडी तुम्हाला दिली कोणी?" भाजीची पिशवी खाली ठेवून तास तास गप्पा. समोर मोकळा रस्ता, त्यापलीकडे पाणथळ जमीन आणि वर भलंमोठं, न वापरलेलं आभाळ. मी कॉलेजातून आलो की गल्ल्यावर बसून हा तमाशा पाहायचो आणि मनात म्हणायचो, काय हा मागासलेपणा! चांगला मोठा बल्ब लावावा तर...

आज कोणी मला विचारलं, की तुला आयुष्यातलं काय परत हवंय, तर मी तो उन्हाचा पट्टा मागेन. बायकांसकट.

कारण मग गाड्या आल्या. आधी एक आली, मग तिला सोबत म्हणून दुसरी, मग स्कूटर, टेम्पो, आणि बघता बघता तो पट्टा गाड्यांनी भरून गेला. आई बिचारी गाड्यांच्या फटीत उभी राहून सूर्याला विचारायची. पुढे गुडघे गेले तेव्हा ती आत बसायला लागली, पण सोडलं नाही. "विलास, ताईंना उजेडात ने," असं बसल्या जागेवरून फर्मान निघायचं. मी न्यायचो. टेम्पोच्या सावलीत उभा राहायचो, बाईही उभी राहायची, आणि आम्ही दोघं अंदाजाने माना डोलवायचो. आई गेली, तरी तोंडातलं वाक्य गेलं नाही. गिऱ्हाईक आलं की आजही माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. "चला, उजेडात बघू."

आईने मागे ठेवलेली एक अंजिरी साडी होती. दुकानाच्या पूजेला ती नेसली होती ती. पिकलेलं अंजीर मधोमध उघडलं की सालीपाशी जांभळ्यात जो लाल मिसळलेला दिसतो, तो रंग. तन्वीचा, म्हणजे माझ्या लेकीचा, साखरपुडा ठरला आणि तिने जाहीर केलं, की मी आजीची अंजिरी साडीच नेसणार. जुना ब्लाउज विरून त्याची जाळी झाली होती. नवा हवा.

"बाबा, कापड तू काढायचंस," तन्वी म्हणाली. "आजी काढायची तसं. तंतोतंत."

"मी काय म्हणते," माधवी, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "मी दादरला जाऊन आणू का? रिस्क नको."

"दादरला?" मी उभाच राहिलो. "मॅचिंगवाल्याच्या घरात दादरचं कापड? उद्या हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणाल! शांती नगर काय म्हणेल?"

"शांती नगर काही म्हणत नाही हो. म्हणता ते तुम्हीच."

तर ही प्रतिज्ञा झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या दुकानांसमोर सायकल ट्रॅक उगवला.

उगवला म्हणजे अक्षरशः उगवला. आदल्या दिवशी सगळ्यांना गाड्या काढायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर रस्त्याच्या कडेने एक पांढरी रेघ, रेघेवर नारिंगी रबरी खांब, आणि जमिनीवर सायकलीचं चित्र. फक्त चित्र. सायकल दूरवर कुठेही नव्हती. शेजारच्या फरसाणच्या दुकानात तातडीची सभा भरली. दुकानाचे मालक जिग्नेशभाई जन्मापासून चिडलेलेच असतात, पण त्या दिवशी कारण मिळाल्यामुळे ते जास्त तेजस्वी दिसत होते.

"कस्टमर गाडी किधर लगाएगा?" ते झाऱ्या नाचवत म्हणाले. "मेरे माथे पे? गाडी लावायला जागा नाय, तर कस्टमर सीधा मॉलमध्ये जाणार! मग आपण काय, सायकलला गाठिया विकायचा?"

सगळ्या दुकानदारांनी "बराबर!" केलं. मीही केलं, आणि जरा जोरात केलं. गणेशोत्सवाच्या नाटकांत मी वर्षानुवर्षं राजाची कामं केलेली असल्यामुळे माझा "बराबर" सभागृहभर घुमला, आणि त्याच क्षणी मला आंदोलनाचा प्रवक्ता नेमण्यात आलं.

आता एक गोष्ट हळूच सांगतो. तक्रार खोटी नव्हती; दुकानदाराच्या पोटात गोळा येणारच. पण ज्या 'ग्राहकांच्या पार्किंग'साठी आम्ही लढायला निघालो होतो, तिथे ग्राहकाची गाडी मी क्वचितच पाहिली होती. तिथे एक गाडी जिग्नेशभाईंची असायची. एक वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. एक बिनहवेची, जिचा मालक कोण हे देवाला ठाऊक. आणि दाराच्या अगदी समोर, मोक्याच्या जागी, एक पांढरी गाडी, जी फक्त रविवारी हलायची. ती माझी. ग्राहक आपले रस्त्याच्या मधोमध स्कूटर उभी करून, एक पाय जमिनीला टेकवून ओरडायचे, "भैया, लाल अस्तर दो मीटर!" आणि मी धावत जाऊन रहदारीत व्यवहार करायचो.

पण सत्य आणि आंदोलन यांचं मॅचिंग कोण करत बसतो! ठरलं, की साखळी उपोषण करायचं. माझ्या आणि जिग्नेशभाईंच्या दुकानासमोर, बरोब्बर सायकल ट्रॅकवर मांडव घालून.

मांडवासाठी मुर्धा गावच्या बबनशेठला बोलावलं. त्याने जागा पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "शेट, लगनाचा सीझन हाय. चांगला कापड एक बी न्हाय. हलदीच्या कार्यक्रमाचा पिवला कापड हाय, त्यो मारतो. पन माजी हलद आली का मी उचलीन, मंग बोंबलायचा न्हाय!"

कबूल झालं. आणि काय मांडव पडला म्हणता! वर पिवळं, बाजूला पिवळं, मागच्या पडद्यावर झेंडूचा भास. 'पार्किंग आमच्या हक्काचं' या फलकाखाली आम्ही सहा मध्यमवयीन दुकानदार बसलो, तर येणारे-जाणारे विचारू लागले, "नवरा कुठला?" सगळ्यांचे चेहरे असे उजळले होते, की जिग्नेशभाईसुद्धा गोड दिसायला लागले.

साखळी उपोषणात एकाने उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं असतं. आमच्यात साखळी खाण्याची होती. सकाळी जिग्नेशभाईंच्या कढईत जिलेबी पडली की तिचा वास मांडवात शिरून कार्यकर्त्यांची नावं घ्यायचा. "आपण उपवास सोडायचा नाय," जिग्नेशभाई बजावायचे, "पण टेस्ट करायला काय जातंय?" टेस्ट संपेपर्यंत पों-पों करत इडलीवाला अण्णा यायचा. संपूर्ण शांती नगरात सायकल ट्रॅकचा एकमेव लाभार्थी हा अण्णा! खांबांच्या आतून, रेघ सांभाळून, तो ऐटीत सायकल हाणत थेट आमच्या मांडवात घुसायचा, आणि ज्या ट्रॅकच्या विरोधात आम्ही बसलो होतो त्याच ट्रॅकवरून आलेल्या इडल्या आम्ही चटणीत बुडवून खायचो.

धंदा मात्र बंद नव्हता हं. दुकानाच्या दारातच उपोषण असल्याने मी दोन्ही आघाड्या सांभाळत होतो. बाई आली की मी उपोषणातून उठायचो, तागा काढायचो, "चला, उजेडात बघू," म्हणून तिला दोन पावलं बाहेर आणायचो, मॅचिंग करून द्यायचो, कापड फाडायचो आणि परत जाऊन उपोषणाला बसायचो. टेम्पो नाही, गाड्यांची फट नाही. किती दिवसांनी ऐसपैस उभं राहून रंग पाहता येत होता! मला तर स्वर्गच वाटत होता.

अशाच एका सकाळी मी आईची साडी मलमलीत गुंडाळून दुकानात आणली. हात धुतले. जांभळ्या, अंजिरी, आमसुली रंगांच्या फळीसमोर उभा राहिलो, डोळे मिटले (नाटकात राजा युद्धाला निघताना मिटतो तसे), आणि तागे काढून एकेक बाहेर आणू लागलो. पहिला नाही. दुसरा नाही. माझी बोटं मग शेजारच्या फळीकडे वळली, आणि तिथला तागा साडीवर टाकला मात्र, अहाहा! साडी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं, कळेना. एकजीव! माझे डोळे भरून आले.

"जिग्नेशभाई, बघा!"

"सेम टू सेम, विलासभाई! एक नंबर!"

मांडवातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वर पाहून मनात म्हटलं, आई, जमलं गं. कापड त्याच पावली टेलरकडे गेलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानावर संकटांची रांग लागली.

पहिल्या आल्या हंसाबेन. हातात शिवलेला ब्लाउज निशाणासारखा धरलेला. "विलासभाई, मैंने लिंबू कलर मांगा था ना? ये क्या दिया? सफेद! मेरी सास बोली, सगाई में जा रही है के किसी के मरण में?"

"हंसाबेन, तुम्हीच तर उजेडात पाहून पसंत केलात!"

"वोही तो! तब लिंबू था!"

त्यांच्या मागोमाग भाईंदर गावातली पारूवहिनी आली. मासळीबाजारात जिचा आवाज गिऱ्हाइकाला शोधत येतो ती. तिने टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर. "दादा, लुगडा माजा निला हाय. आनी यो कपडा काला हाय! काला! तुज्या आयशीनं आख्ख्या जिनगानीत मला असा फसवला न्हाय. डोल्यांत मोतीबिंदू परला का काय तुज्या?"

आईचं नाव निघालं आणि मी हबकलो. पण प्रवक्ता हबकलेला दाखवून चालत नाही. त्याच दिवशी एक मोबाइलवाला बातमीदार आमच्या मांडवात आला, आणि त्याने माइक पुढे करताच माझ्यातला राजा जागा झाला. "मित्रहो!" मी म्हणालो, "पार्किंग गेल्यामुळे आमच्या भगिनींना लांब गाडी लावून भर उन्हातून चालत यावं लागतं. त्यांचे डोळे दिपतात! दिपलेल्या डोळ्यांना लिंबू पांढरं दिसतं आणि निळं काळं दिसतं! या सायकल ट्रॅकने मीरा-भाईंदरच्या स्त्रियांचे ब्लाउज बिघडवले आहेत!"

ती चित्रफीत काशीमीऱ्यापासून उत्तनपर्यंत प्रत्येक मोबाइलवर फिरली. एका गटात त्यावर हसरे चेहरे होते, दुसऱ्यात संताप. आमच्या सोसायटीच्या गटात माधवीने फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

संध्याकाळी तिने मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत तऱ्हेतऱ्हेचे दिवे मारले, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घेतले, आणि म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत, काका. वजन बघा."

लोकांना हे ऐकून हायसं वाटलं असतं. माझा धीरच सुटला. डोळे बिघडले असते तर दोष डोळ्यांचा होता. डोळे चांगले, आणि तरी रंग चुकतोय, म्हणजे आईची नजर माझ्यात आलीच नव्हती. दुकान आलं, फळ्या आल्या, ते वाक्य आलं. नजर ती बरोबर घेऊन गेली. रिक्षातून येताना मी बाहेर बघत होतो. माधवीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आई असती तर तिने पारूवहिनीला रडवलं नसतं."

"पारूवहिनी रडली?"

"नाही. तिने मला रडवलं."

आणि मग शुक्रवारी ब्लाउज शिवून आला. रविवारी साखरपुडा. तन्वीने साडी खांद्यावर घेतली, ब्लाउज हातात धरला आणि चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत गेली. ब्लाउज साडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"बाबा..."

"कसं आहे? एकजीव आहे की नाही?"

"बाबा, हा चॉकलेटी आहे."

मी खिडकीत गेलो. अंजिरी साडीवर तो ब्लाउज असा बसला होता, जसं श्रीखंडात कोणी कांदा चिरून टाकावा. चॉकलेटीसुद्धा साधा नाही. सरकारी फायलीच्या बासनासारखा, निर्लज्ज!

मला वाटलं, ती आता रडेल, चिडेल, म्हणेल, "आई दादरला जात होती, तर तू तिला जाऊ दिलं नाहीस." पोरीने यातलं काहीच केलं नाही. साडीची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे रे बाबा. मी दुसरी नेसते."

त्यापेक्षा तिने ब्लाउज माझ्या तोंडावर मारला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मी साडी काखेत मारून दुकानात गेलो. कशासाठी, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पाहतो तर मांडवाचे नुसते बांबू उभे. वर कापड नाही, बाजूला नाही. बबनशेठचा निरोप जिग्नेशभाईंकडे ठेवलेला: चेणे गावात हळद आहे, कापड नेलं, बोंबलायचं नाही.

मी शटर उघडलं. तो चॉकलेटी तागा काढला, आईची साडी खांद्यावर टाकली, आणि पाय नेहमीसारखे बाहेर वळले. एक पाऊल. दुसरं पाऊल.

आणि मी जागच्या जागी थांबलो.

ऊन होतं! मधे काही नसलेलं, कोरं करकरीत, सकाळचं ऊन. साडीतलं लाल आणि निळं असं सळसळून वर आलं, की मला आईच्या बांगड्यांचा आवाज आल्याचा भास झाला. आणि दुसऱ्या हातातला तागा? तो गुमान चॉकलेटी होऊन बसला होता. जसा तो आयुष्यभर होता. मी वर पाहिलं. बांबू. बांबूंमधून आभाळ. मग हळूहळू, फार हळूहळू, या पन्नाशी ओलांडलेल्या डोक्यात उजेड पडला. पिवळं कापड! पिवळ्याखाली पांढरं लिंबू होतं, निळं काळं होतं, अंजिरी चॉकलेटी होतं! ज्या मांडवात बसून मी भगिनींच्या ब्लाउजसाठी गर्जना करत होतो, तोच मांडव ब्लाउज बिघडवत होता. मी रोज "उजेडात चला" म्हणत बायकांना हळदीत उभं करत होतो!

जिग्नेशभाई झाऱ्या घेऊन बाहेर आले. त्यांनी साडी पाहिली, तागा पाहिला, बांबूंकडे पाहिलं, आणि हसता हसता कढईवर वाकले. "विलासभाई! इतने दिन तुम हल्दी लगाके बैठा था, और बोलता था कस्टमर का आँख खराब है!"

"तुम्हीच म्हणालात ना सेम टू सेम?"

"मैं तो फरसाणवाला है! मेरे को सब पीला अच्छा लगता है!"

पण मला आता भांडायला वेळ नव्हता. मी फळीवरचे सगळे जांभळे, आमसुली, अंजिरी तागे काढले आणि ट्रॅकवर उन्हात मांडले. तिथे एकही गाडी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो पट्टा मोकळा पसरला होता, आईच्या वेळी होता तसा. मी साडी धरून उभा राहिलो आणि काही क्षणांतच भाजी घेऊन जाणाऱ्या एक बाई थांबल्या. "अहो, तो नको. त्याच्या पलीकडचा बघा." दुसऱ्या थांबल्या. हंसाबेन आपला पांढरा ब्लाउज बदलायला आल्या होत्या, त्याही घुसल्या. "थोडा और लाल!" पारूवहिनीने टोपली खाली ठेवली, तागा हिसकावून घेतला आणि साडीवर आपटला. "यो घे. ह्योच. तुजी आयस ह्योच काढती."

मी पाहिलं. मनाचा हिय्या करून पुन्हा पाहिलं. अंजिरात अंजीर मिसळलं होतं.

तेवढ्यात मागून पों-पों झालं. "साइड! साइड!" इडलीवाला अण्णा सायकलवर पाय टेकवून उभा. "शेटजी, ये साइकिल ट्रॅक है! बीच में क्यूं खडा रहता है?"

इतक्या दिवसांत त्या ट्रॅकवर कायद्याचं बोलणारा तो पहिला माणूस. आम्ही सगळे, तागे-साडी-टोपलीसकट, निमूट बाजूला झालो, अण्णा गेला, आणि आम्ही परत मधे आलो. टेलरच्या मी पाया पडलो. त्याने संध्याकाळपर्यंत ब्लाउज शिवून दिला.

रविवारी तन्वी तयार झाली तेव्हा माधवीने मला हॉलच्या दाराबाहेर बोलावलं. "अहो, उजेडात बघा जरा." अंगणातल्या उन्हात माझी पोर आजीच्या साडीत उभी होती. माधवीने पदर ब्लाउजशी जुळवून पाहिला, पुन्हा पाहिला, चूक सापडेना म्हणून उगाच पिन सारखी केली, आणि म्हणाली, "दादरला मिळालं नसतं." सबंध संसारात मला मिळालेलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र!

आता माझं मत बदललं होतं. ट्रॅक राहावा! सायकली येवोत न येवोत; ऊन तर येतं. मी मनाशी भाषणसुद्धा रचलं. सोमवारी सकाळी जिग्नेशभाईंना गाठून सांगायचं, की आपण आंदोलन मागे घेऊ, गिऱ्हाइकाला गाडीपेक्षा उजेड जास्त लागतो. गेलो, तर तेच पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे धावत आले.

"जीत गए, विलासभाई! ट्रॅक कॅन्सल! पार्किंग वापस! तुमचा तो ब्लाउजवाला व्हिडिओ वर पोचला, वर! साहेब बोलले, बायकांचा विषय आहे, नको झंझट!"

माझ्या तोंडात त्यांनी पेढा कोंबला, त्यामुळे भाषण आतच राहिलं. दोन दिवसांत नारिंगी खांब उपटून नेले. सायकलीचं चित्र तेवढं राहिलं, पुसट.

त्या आठवड्यात फरसाणच्या दुकानात माझा सत्कार झाला. 'पार्किंगवीर' वगैरे. जिग्नेशभाईंनी नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. समोरच्या बायकांत लगेच कुजबुज सुरू झाली. "छान आहे हो, मोरपंखी." "मोरपंखी कुठला, शेवाळी आहे!" हंसाबेन म्हणाल्या, "इनको ही पूछो ना, मॅचिंगवाले है!"

मी शालीकडे पाहिलं. वर ट्यूबलाइट. ट्यूब खोटं बोलते. "थांबा," मी रुबाबात म्हणालो, "सूर्याला विचारून सांगतो!"

शाल सावरत मी उठलो. आई निघायची तसा निघालो, मागे बायकांची फौज. दाराबाहेर एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायला गेलो, तर गुडघा खणकन कशावर तरी आपटला. उन्हाच्या पट्ट्यात, पुसट झालेल्या सायकलीच्या बरोब्बर डोक्यावर, एक पांढरी गाडी उभी होती.

"किसने लगाया बीच में?" हंसाबेन कडाडल्या. "नंबर लिखो इसका!"

लिहायची गरज नव्हती. नंबर मला पाठ होता, आणि किल्ली झब्ब्याच्या खिशात. पार्किंग सुरू झाल्याच्या पहिल्या सकाळी, दुसऱ्या कोणी जागा बळकावू नये म्हणून, पार्किंगवीर पहाटेच येऊन लावून गेला होता.